शेजारच्या सीटवर कोण आहे?

एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या बाबांच्या शेजारी, घराबाहेर, सलग सहा-सात तास तुम्ही शेवटचे कधी बसला होतात? गावाला जातानाचा प्रवास धरू नका. त्यात एक जण झोपतो आणि दुसरा हेडफोन लावतो. लग्नकार्यही धरू नका, तिथे बाबा पुढच्या खुर्च्यांवर आणि आपण मागे. दवाखाना तर नकोच.

पटकन आठवत नाही ना? माझ्या ऑफिसातल्या विशी-पंचविशीतल्या पोरापोरींना विचारलं, तर बहुतेक सगळे हसले. एक जण म्हणाला, ‘सहा तास? आमचं सहा मिनिटांत वाजतं!’

खरंय त्याचं. आपल्याकडे वडील आणि मुलांमधलं बोलणं म्हणजे बऱ्याचदा चौकशी असते. आधी ‘अभ्यास झाला का’, मग ‘किती टक्के पडले’, मग ‘प्लेसमेंटचं काय’, मग ‘लग्नाचं काय’. आपली उत्तरंही ठरलेली. ‘हो.’ ‘बघू.’ ‘चाललंय.’ प्रेम नसतं असं नाही, काळजी तर भरपूर असते. बोलायला विषय नसतो, एवढंच.

त्यावर मला एक उपाय सुचवायचाय. आई-बाबांना घेऊन एकदा क्रिकेटची मॅच बघायला जा. टीव्हीवर नको, मैदानावर. आणि शक्यतो मोठी मॅच निवडू नका. छोटी निवडा, स्वस्तातली, जिच्यासाठी कुणी मारामारी करत नाही अशी. असं का म्हणते, ते सांगते.

दादाची दहावी आणि माझं नशीब

१९९६ चा वर्ल्ड कप भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेत होता. त्यातली एक मॅच पुण्याच्या वाट्याला आली होती. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर, २९ फेब्रुवारीला, गुरुवारी. पण मॅच भारताची नव्हती. वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया! एकीकडे १९७५ आणि १९७९ चे जगज्जेते, दुसरीकडे पहिल्यांदाच वर्ल्ड कप खेळणारी, नोकऱ्या सांभाळून क्रिकेट खेळणारी मंडळी. अकराच दिवसांपूर्वी कटकला सचिनने याच केनियाविरुद्ध नाबाद १२७ रन केले होते. त्यामुळे पुण्याच्या मॅचचं काय होणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

पप्पांच्या कंपनीत कुणाला तरी दोन पास मिळाले होते आणि त्या माणसाला ती मॅच बघण्यात काडीचाही रस नव्हता. ते पास फिरत फिरत पप्पांकडे आले. एरवी दुसरा पास दादाचाच असता. पण दादाची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. म्हणून नंबर माझा लागला. मी नऊ वर्षांची होते. शाळेला चक्क दांडी, आणि तीही घरच्यांच्या परवानगीने.

पप्पांची तेव्हा थर्ड शिफ्ट चालू होती. रात्रभर मशीनवर उभं राहून ते सकाळी चिंचवडच्या घरी आले, अंघोळ केली, चहा प्यायले आणि आईने बांधलेला डबा पिशवीत टाकून निघाले. झोप नाही. लोकलने शिवाजीनगर, तिथून पीएमटीने स्वारगेट. आम्ही पोचलो तोवर मॅच सुरू झाली होती. सिमेंटच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्र अंथरून बसलो. मैदानात कर्टली अँब्रोज होता. सहा फूट सात इंचाचा माणूस मी त्याआधी कधीच पाहिला नव्हता.

तासाभरात पप्पांचे डोळे मिटायला लागले. टोपी तोंडावर घेऊन ते पायरीवरच आडवे झाले. जाता जाता एवढंच म्हणाले, ‘विकेट पडली की उठव. आणि लिहून ठेव.’

मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत बसले. विकेट पडली की त्यांचा दंड हलवायचा. ते डोळे न उघडता विचारायचे, ‘काय झालं गं?’ मग मी सांगायचे. कोण आऊट झाला, कसा झाला, बॉल किती उडाला, कुणी धरला. ते ऐकून ‘बरं’ म्हणायचे आणि पुन्हा झोपायचे. असं दहा वेळा झालं. केनिया १६६ वर ऑलआऊट. त्यात ३७ रन तर अवांतर होते, म्हणजे केनियाच्या कुठल्याही बॅट्समनपेक्षा जास्त!

आता तुम्ही म्हणाल, बाप झोपला आणि पोरगी एकटी बसली, यात काय मोठं? मला विचाराल तर तो दिवस मोठा झाला तो त्यामुळेच. तोवर घरात सांगायचं काम पप्पांचं आणि ऐकायचं काम आमचं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी सांगत होते आणि ते ऐकत होते. मला जे माहीत होतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांना माझ्यावर विसंबून राहावं लागत होतं. नऊ वर्षांच्या पोरीसाठी ही फार मोठी गोष्ट असते.

‘असेच कॅच घ्यायचो’

जेवण झालं, बटाट्याची भाजी आणि पोळी. पप्पा ताजेतवाने होऊन बसले आणि मग जे घडलं ते क्रिकेटच्या इतिहासात नोंदलं गेलंय. रजब अली नावाच्या बॉलरने कॅप्टन रिची रिचर्डसनचा त्रिफळा उडवला. थोड्या वेळाने त्याच रजब अलीच्या बॉलवर ब्रायन लाराच्या बॅटची कड लागली आणि विकेटकीपर तारिक इक्बालने तो बॉल ग्लोव्ह्ज आणि मांड्या यांच्या बेचक्यात कसाबसा पकडला. लारा ८ वर आऊट! सगळं स्टेडियम उभं राहिलं. सकाळपर्यंत वेस्ट इंडीजचे असलेले पुणेकर दुपारी केनियाचे झाले. कॅप्टन मॉरिस ओडुंबेने १० ओव्हरमध्ये १५ रन देऊन तीन विकेट काढल्या. वेस्ट इंडीज ९३ ऑलआऊट. केनियाने ७३ रनांनी मॅच जिंकली.

हे आकडे तुम्हाला कुठेही सापडतील. जे सापडणार नाही ते असं. लाराचा कॅच बघून पप्पा इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, ‘मी पण कीपर होतो गावाकडं. असेच कॅच घ्यायचो. हातात कमी, पोटात जास्त.’

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पप्पा क्रिकेट खेळायचे? पप्पा मुलगा होते कधीतरी? मग निघालंच सगळं. माण तालुक्यातलं गाव, ग्लोव्ह्ज नव्हते म्हणून हाताला गुंडाळलेलं फडकं, यात्रेतल्या टूर्नामेंट, पुण्याला नोकरीला आल्यावर एका खोलीत आठ जण आणि सुटलेला खेळ. घरी या गोष्टी कधीच निघाल्या नसत्या. घरी त्या निघायला कारणच नव्हतं.

मला वाटतं, यात बसण्याच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे. समोरासमोर बसलं की चौकशी सुरू होते. शेजारी शेजारी बसून दोघंही एकाच दिशेला बघत असले, की गप्पा सुरू होतात. नजर भिडवायची नसते, त्यामुळे अवघड गोष्टही सहज तोंडातून निघून जाते. आणि मध्येच बोलणं थांबलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. पुढचा बॉल येतोच.

टीव्हीवर जास्त चांगलं दिसतं, मान्य!

तुमचा मुद्दा मला माहीत आहे. घरी मोबाइलवर सगळं दिसतं. बॉल किती वळला, बॅटला लागला की पॅडला, सगळं चार कोनांतून. स्टेडियममध्ये यातलं काही धड दिसत नाही. ऊन लागतं, स्वच्छतागृहांची अवस्था विचारू नका. पापणी लवली तर विकेट गेलेली असते.

पण त्याचंच तर महत्त्व आहे. मैदानावर कॉमेंटेटर नसतो. काय झालं ते कळलं नाही तर शेजारच्याला विचारावं लागतं. ‘कोण गेला?’, ‘नो बॉल होता का?’, ‘हा डावखुरा कोण?’ घरात जे काम स्क्रीन करते, ते तिथे आई-बाबांना करावं लागतं, किंवा तुम्हाला त्यांच्यासाठी. दोघांनाही एकमेकांची गरज लागते. एका घरात चार मोबाइल असण्याच्या आजच्या दिवसांत ही गरज आपोआप कुठे पडते, सांगा!

दुसरा मुद्दा पैशांचा. तोही रास्त आहे. आयपीएलची तिकिटं ॲपवर उघडताच संपतात, आणि उरलेली चौघांच्या घराला परवडत नाहीत. म्हणूनच मी छोटी मॅच म्हणतेय.

महाराष्ट्रात रणजीचे तीन संघ आहेत. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गोव्याचा आणखी वेगळा. मुंबईने ४२ वेळा रणजी करंडक जिंकलाय. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा. देशातलं इतकं चांगलं क्रिकेट आपल्या दारात चालतं आणि त्याला बहुतेक ठिकाणी तिकीटच नसतं. मुंबई, पुणे, नागपूरच कशाला, नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर आणि सोलापूरच्या इंदिरा गांधी स्टेडियमवरही गेल्या काही वर्षांत रणजीच्या मॅच झाल्यात. स्टँड मात्र ओस. पेन्शनर काकांचा एक ग्रुप, खेळाडूंचे नातेवाईक आणि सावली शोधत आलेले चार जण.

‘पण तिथे स्टार नसतात,’ हेही ऐकलंय. त्यावर एक किस्सा. ३० जानेवारी २०२५ ला विराट कोहली बऱ्याच वर्षांनी दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला. प्रवेश मोफत होता. हजारो लोक सकाळपासून रांगा लावून आत आले. दुसऱ्या दिवशी तो ६ रनांवर बोल्ड झाला आणि बघता बघता स्टँड रिकामे झाले. मॅच चालूच होती. ज्याच्यासाठी लोक आले होते तो गेला, मग तेही गेले. तुम्ही स्टारसाठी गेलात तर मॅच तो आऊट होईपर्यंतच असते. शेजारच्या सीटवरच्या माणसासाठी गेलात, तर ती दिवसभर चालते.

छोट्या मॅचमध्ये काही घडत नाही, हाही गैरसमज. ३० ऑक्टोबर २०२३ ला गहुंज्याला अफगाणिस्तान आणि श्रीलंकेची वर्ल्ड कपची मॅच होती. भारत नाही, पाकिस्तान नाही. अफगाणिस्तानने सात विकेट राखून ती जिंकली. त्या दिवशी तिथे बसलेल्या एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीला ती मॅच जन्मभर पुरेल.

आईला कुणी विचारलं?

आता त्या डब्याकडे परत येते. डबा आईने बांधला होता. पास दोनच होते हे खरं, पण चार असते तरी आई आली असती, असं मला वाटत नाही. कारण ‘येतेस का?’ असं तिला कुणी विचारलंच नसतं. आणि विचारलं असतं, तर ती ‘मला काय कळतंय त्यातलं’ म्हणाली असती. आपल्या किती घरांत मॅच म्हणजे बाप-लेकांचा कार्यक्रम आणि आई म्हणजे भजी तळणारी, हे आठवून बघा.

खुद्द सचिनच्या आईचं उदाहरण घ्या. मुलगा चोवीस वर्षं जगभर खेळला. त्याला स्टेडियममध्ये खेळताना रजनीताईंनी पहिल्यांदा पाहिलं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, वानखेडेवर, त्याच्या दोनशेव्या आणि शेवटच्या कसोटीत! तोवर त्या व्हीलचेअरवर होत्या. त्यांची कारणं त्यांच्यापाशी, पण आपल्या घरातल्या आयांना इतकं थांबायला लावण्याचं काही कारण नाही.

सुदैवाने दिवस बदलतायत. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम मुंबई आणि नवी मुंबईत झाला, तेव्हा बायका-मुलींना प्रवेश मोफत होता. २०२५ च्या महिला वर्ल्ड कपच्या साखळी सामन्यांची तिकिटं १०० रुपयांपासून होती. वडापाव आणि चहाच्या दोन फेऱ्यांत संपतील एवढे पैसे! आणि २ नोव्हेंबरला डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ रनांनी हरवून कप उचलला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ‘मला काय कळतंय त्यातलं’ हे वाक्य त्यानंतर जुनं झालंय, असं मी तरी मानते.

तेव्हा बाबांबरोबर आईलाही विचारा. ती नाही म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारा. आपल्याकडे आयांचं पहिलं ‘नाही’ हे बऱ्याचदा सवयीचं असतं.

पायऱ्या चढता येतात तोवर

एक गोष्ट स्पष्टच सांगते. या कामाला मुदत असते. रणजीची मॅच पुढच्या वर्षीही होईल, त्याच्या पुढच्या वर्षीही. पण स्टेडियम म्हणजे पायऱ्या आणि पायऱ्या म्हणजे गुडघे. गेल्या हिवाळ्यात मी पप्पांना गहुंज्याला रणजीची मॅच दाखवायला नेलं. त्यांना वर चढायला नेहमीपेक्षा तिप्पट वेळ लागला, दोनदा थांबावं लागलं. ऐकूही जरा कमी येतं. पण ओस पडलेल्या स्टेडियममध्ये बॅटचा आवाज खणखणीत येतो, तो त्यांनी ऐकला. दिवसभरात आम्ही फार काही बोललो नाही. थर्ड शिफ्ट करून झोपायचं कसं याची युक्ती, आजीचं शेवटचं आजारपण आणि सध्याच्या कीपरचं पायांचं काम, असे तीन विषय झाले. यातला मधला विषय घरी गेल्या दहा वर्षांत निघाला नव्हता.

क्रिकेट संघटनांकडेही एक मागणं आहे. मोफत ठेवता हे चांगलंच, पण मॅच आहे हे लोकांना कळू तरी द्या. शहरातल्या शाळा-कॉलेजांत वेळापत्रक पाठवा. आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांसाठी सावलीतला, कमी पायऱ्यांचा एक स्टँड राखा. पिण्याचं पाणी आणि स्वच्छ संडास द्या. आणि गहुंज्यासारख्या गावाबाहेरच्या मैदानावर, एक्स्प्रेस वेच्या कडेला, स्वतःची गाडी नसलेल्याने पोचायचं कसं याचाही विचार करा. आज त्या पायऱ्यांवर बसलेलं पोर उद्या तुमचा प्रेक्षक असणार आहे.

बाबांना क्रिकेट आवडतच नसेल तर? काही हरकत नाही. कुस्तीच्या फडाला जा, कबड्डीला जा. अट एवढीच, की खेळ सावकाश चालणारा असावा आणि तुम्ही शेजारी बसलेले असावेत.

बाकी तयारी फार नाही. रणजीचा मोसम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. जवळच्या मैदानावर कधी मॅच आहे ते बघा. शनिवार-रविवार पकडा. टोपी, पाणी, डबा घ्या. मोठ्या मॅचला या वस्तू गेटवरच काढून घेतात, रणजीला सहसा कुणी अडवत नाही. फोटो एकच काढा आणि फोन खिशात टाका. स्कोअर कागदावर लिहा, किंवा त्यांना लिहायला द्या. ते झोपले तर झोपू द्या, विकेट पडली की उठवा.

आणि मॅच लांब असेल, तर सुरुवात आजच्या जेवणापासून करा. प्लेसमेंट, पगार, लग्न हे विषय निघायच्या आत तुम्हीच विचारा, ‘तुम्ही मैदानावर बघितलेली पहिली मॅच कुठली? कुणाबरोबर गेला होतात?’ कदाचित वर्ल्ड कप निघेल, कदाचित गावच्या यात्रेतली टेनिस बॉलची टूर्नामेंट निघेल, कदाचित ‘आमच्या वेळी कुठलं काय’ एवढंच निघेल. तरी थांबा, ताट बाजूला सारू नका. या प्रश्नाचं उत्तर ‘हो’, ‘बघू’ आणि ‘चाललंय’मध्ये संपत नाही.